जांबुव्याच्या अलीकडे

आधी एक पोरगा आला,
खांद्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी.
आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर ब्रशने आकडा लिहिला
आणि बाटली पुढे करून पाणी मागितलं.
दिलं. विचारलं, हे कसलं?
म्हणाला, मासी, ते साहेबांना ठाऊक. माझा नुसता रंग.

दांडिया बाजारातली खोली विकून इथे रो-हाउस घेतलं
तेव्हा दलाल म्हणाला होता,
मागे वारा अडवायला काही नाही, फक्त एरंड.
एरंड रणछोडभाईंचा. निम्मा गेला.
पैसे आले, पोराला मोटार आली,
आणि ते उरलेल्या निम्म्याकडे पाठ करून
खाट टाकून बसायला लागले.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये.
इंजिनियर कोवळा, घशाशी शर्टाचं बटण लावलेला,
पडद्यावर आवाजाचे आकडे दाखवत होता:
दिवसाचे इतके, रात्रीचे इतके.
जिग्नाबेन म्हणाल्या, माझी सासू गोळी घेऊनही जागी असते,
तिचा आकडा कोणता?
कुणी भिंत मागितली, कुणी दुहेरी काचा,
कुणी नुसतं ओरडून घेतलं.

मग हे उठले.
एकतीस वर्षं मकरपुऱ्यात पत्र्याच्या प्रेसपुढे उभे राहून
कान कारखान्यातच ठेवून आलेले.
फार मोठ्याने बोलले, त्यांना कळत नाही:
आवाजाचं मला काही नाही.
जमिनीतून येतं, त्याचं बोला.
इंजिनियरने पडदा मागे नेला, पुढे नेला.
आकडा नव्हता.
लिहून घेतो, म्हणाला.
मी हवेत बोटाने लिहून दाखवलं.
हे खाली बसले, खटला जिंकल्यासारखे.

दोन वर्षं खडी पडत राहिली.
पापडांवर धूळ, साडीच्या निऱ्यांत करकर,
फाटकाच्या जागी गरनाळं.
फाटकवाले सोमाभाई कुठे बदलून गेले
कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
मजुरांच्या तंबूतली रिंकी रोज आमच्या नळावर यायची,
हंडा डोक्यावर, भाऊ कडेवर.
एका सकाळी आली नाही.
रूळ पुढे सरकला होता, तंबू त्याच्याही पुढे.

पहिली गाडी रात्री पावणेतीनला.
हे अचानक उठून बसले,
तळवा फरशीवर टेकला.
'आली.'
मला काहीच ऐकू येईना.
मग मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना शिवल्या,
मग मला आली.
डब्यावर डबा चढवलेला,
ना खिडकी, ना दार,
हात हलवावा असं कुणी नाही.
सासरे सांगायचे, डभोईच्या छोट्या लाईनवर
माणूस उतरून, आडोशाला जाऊन, पुन्हा त्याच डब्यात चढायचा.
हिच्यात चढायचंच कुणाला नाही.
एवढं सामान कुणाचं,
आणि एवढी घाई कसली?

आता आवाजाची भिंत झाली आहे. उंच आहे, करडी आहे.
दुपारी चारलाच आमच्या ओट्यावर सावली.
तुळस मी पुढच्या दाराशी नेली.
कंपाउंडला चुना दिला, तरी तो आकडा
खालून तांबूस डोकावतो.
लिहून घेतलेल्याचं पत्र आलेलं नाही.

रात्री मी गच्चीवर जाते, भिंतीवरून वरचे डबे दिसतात,
बोटांवर डबे मोजते.
हे खाली, फरशीवर हात ठेवून मोजतात.
सकाळी हिशेब.
लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही
एवढं कशावरून बोललो नव्हतो,
म्हणजे बोटांनी, भुवयांनी, पाटीवर खडूने.
काल मला अठ्ठ्याऐंशी आले.
हे म्हणतात, नव्वद.
मधले दोन कुठे गेले,
यावर चहा गार झाला.